मंगळवारचा निर्जळी उपास

निहारिकाने पाण्याचा पेला हाताच्या पाठीने बाजूला सारला आणि म्हणाली, “नाही आई. आजपासून माझा पण मंगळवार निर्जळ.”

एवढंच. भाजीत मीठ घातलं का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात. रजनीबाई पुढ्यात परात घेऊन गवार मोडत बसल्या होत्या, त्यांच्या हातातली शेंग मोडायची राहून गेली. सकाळचे साडेनऊ वाजत होते, मे महिना होता, मुलगा यशोधन उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवरून इंदूरची बस पकडून केव्हाच कामावर गेला होता, आणि खिडकीतला कूलर आतापासूनच गरम हवा आत फेकायला लागला होता. समोर उभी असलेली सून तिसऱ्या महिन्यात होती. मागच्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं होतं, म्हणून या वेळी घरातल्या कुणी तोंडातून अवाक्षर काढलेलं नव्हतं. शेजारच्या अंबिका भाभींना तेवढं ठाऊक होतं, कारण अंबिका भाभींना ठाऊक नाही असं त्या गल्लीत काही नसायचंच.

“वेडी आहेस का तू?” रजनीबाई म्हणाल्या. “पोटुशीला उपास नसतो. त्यात या गर्मीत निर्जळ! कुणी सांगितलं तुला?”

“तुम्ही बहात्तराव्या वर्षी करून राहिल्या, दोन साल झाले. माझ्यासाठीच तर केलं न? आणि आता मिळालं तर मी आरामात पाणी पीत बसू? इतकी खुदगर्ज नाही मी, आई.” आणि ती वाकली. रजनीबाईंनी पाय मागे घेतले, पण खुर्चीच्या मागे भिंत होती. सुनेची बोटं पायांना लागली, गार होती, आणि रजनीबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घालून पुन्हा गवार मोडायला घेतली.

खरी गोष्ट अशी, की रजनीबाईंनी जन्मात एकही व्रत मनापासून केलं नव्हतं. मराठी घरात वाढल्या म्हणून चतुर्थीला साबुदाणा खाल्ला, उज्जैनला राहतात म्हणून श्रावणात दर्शनाला गेल्या, याच्यापलीकडे देवाचं आणि त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. हे सगळं सुरू झालं ते फ्रीगंजच्या बाजारात, एका ई-रिक्षात. साड्या बघून परत येताना गाडी खड्ड्यातून उसळली आणि त्यांच्या पोटाखाली काहीतरी सुटलं. आवाज नाही, दुखणं नाही. नुसती ऊब, मांडीवरून खाली उतरणारी, आणि मग गार. घरी उतरताना त्यांनी पिशवी मागे धरली आणि सुनेला सांगितलं की बाटलीचं झाकण सैल राहिलं. पुढच्याच आठवड्यात अंबिका भाभींच्या गाडीतून सगळ्यांना ओंकारेश्वरला जायचं होतं. चार तासांचा रस्ता. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून रजनीबाईंनी सकाळपासून पाण्याला शिवायचंच नाही असं ठरवलं. वाटेत बडवाह आलं तेव्हा जीभ टाळूला चिकटत होती. भाभींनी बाटली पुढे केली, “लो दीदी, दो घूँट तो पी लो, चेहरा उतर गया है.” तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आज मेरा निर्जला है.” तो दिवस योगायोगानं मंगळवार होता. “कौन-सा व्रत है, दीदी?” “मन का है. बताते नहीं.” मास्तरणीचा आवाज होता तो, वर्गात पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून लावायचा. पण अंबिका भाभींनी मागच्या सीटवर गप्प बसलेल्या निहारिकाकडे पाहिलं, पुन्हा रजनीबाईंकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. “समझ गई, दीदी.” काय समजलं ते विचारायचं धाडस रजनीबाईंना झालं नाही.

त्यानंतर सगळं आपोआप होत गेलं. लग्नाला जायचं असलं की निर्जळ, कुणाकडे पूजा असली की निर्जळ, आणि भाभींनी गल्लीभर करून ठेवलं म्हणून प्रत्येक मंगळवारी तर ठरलेलंच. दुपारी लुगडं खराब झालं की रजनीबाई पुन्हा आंघोळ करायच्या. घरात म्हणू लागले, आई त्रिकाल स्नान करतात. आपले कपडे त्या स्वतःच धुवायच्या, आत घ्यायच्या जुन्या सुती साडीच्या घड्या मागच्या गॅलरीत पत्र्याआड वाळत घालायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणू लागले, आईंचं सोवळं फार कडक आहे. गादीवर बसायची भीती वाटते म्हणून लाकडी खुर्ची धरली, तर तेही वैराग्यात जमा झालं. वास येऊ नये म्हणून उदबत्ती लावायच्या, त्यावर तर बोलायलाच नको. कॉलनीतल्या बायका येता-जाता पाया पडायला लागल्या. दोन वर्षं रजनीबाई त्या भक्तीच्या आत बसून होत्या आणि बाहेर यायचं दार कुठं आहे ते त्यांना सापडत नव्हतं. एकदा कुणी साधं विचारलं असतं, बाई, तुम्हाला होतंय तरी काय, तर त्यांनी कदाचित सांगितलं असतं. पण साध्वीला असं कोण विचारतं? इकडे जळजळ सुरू झाली होती. अंग मोडून कापरं भरायचं, दोन दिवसांनी जायचं. पाणी जितकं कमी, तितकी आग जास्त, एवढं त्यांनाही कळत होतं. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलेली बाई ती. तरीही पेला समोर आला की आधी दार किती लांब आहे हेच मोजलं जायचं.

शेंगा संपल्या. निहारिका ओट्यापाशी कणीक मळत होती आणि मधूनच थांबून मनगटाने कपाळ पुसत होती. रजनीबाई तिच्या पाठीकडे बघत होत्या. आपल्याला इतकं धरून ठेवायला कुणी शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि शाळेचा तो लांबलचक व्हरांडा समोर उभा राहिला. मुलींची सरकारी शाळा, एकतीस वर्षांची नोकरी, आणि व्हरांड्याच्या टोकाला एकच संडास, ज्याची किल्ली ऑफिसातल्या बडे बाबूंच्या टेबलाच्या खणात असायची. किल्ली मागायची म्हणजे पाच पुरुषांच्या समोर उभं राहून मागायची. पहिल्या वर्षी त्यांनी एकदा मागितली. बाबूंनी खण उघडला, किल्ली बाहेर काढली, आणि घड्याळाकडे बघून हसले. बस, तेवढंच हसू. त्यानंतर रजनीबाईंनी कधीच मागितली नाही. सकाळी अर्धा कप चहा, मग संध्याकाळी पाचपर्यंत काही नाही. पायावर पाय घट्ट आवळून फळ्यावर फुप्फुसाची आकृती काढायची. याचा त्यांना अभिमान होता, हे कबूल करायला हवं. नवी मास्तरीण तक्रार करायला लागली की त्या म्हणायच्या, आदत डाल लो. एक मुलगी होती सातवीत, हात वर करून वळवळत होती, आणि रजनीबाईंनी तिला धडा संपेपर्यंत बसवून ठेवलं होतं. बाकाखाली थारोळं झालं तेव्हा सगळा वर्ग हसला. त्या मुलीचं नाव आठवत नव्हतं. आठवत नव्हतं याचंच आता वाईट वाटलं.

बारा वाजता निहारिकाचा हात भिंतीवर गेला. ती पोळ्या करून वळली आणि क्षणभर तशीच भिंत धरून उभी राहिली, ओठ पांढरे पडलेले. रजनीबाई खुर्चीतून उठल्या. उठायला त्यांना हल्ली दोन प्रयत्न लागायचे. पहिल्या प्रयत्नात गुडघे नकार द्यायचे. “बस खाली. पाणी पी. माझी शपथ आहे तुला.”

“शपथ नका घालू आई. संकल्प केलाय मी सकाळी. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला नाही माहीत.” निहारिका खाली फरशीवरच बसली. “चतुर्थी होती. मला उलटीसारखं होऊन राहिलं होतं, म्हणून मी चुपचाप ग्लुकोज पिऊन घेतलं. कुणाला नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी…” तीन वर्षं ही पोर असलं काही पोटात घेऊन फिरत होती आणि आपण त्याच घरात आपल्या घड्या वाळत घालत होतो!

त्यांनी आधी सोप्या वाटा धरून पाहिल्या. यशोधनला फोन लावावा, तर तो ओरडेल, ही हो हो म्हणेल आणि पुढच्या मंगळवारी लपून करेल. लपून करणं कसं असतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग त्या म्हणाल्या, “अगं, माझं व्रत फळलं, झालं आता. या शुक्रवारी उद्यापन करून टाकू. दोघींचंही संपलं.” निहारिकाने मान हलवली. “बच्चा हातात आल्याबिगर उद्यापन? आई, तुम्हीच असं म्हणता?” साडेसहा महिन्यांचे मंगळवार रजनीबाईंनी मनात मांडून पाहिले. सगळा उन्हाळा, मग पाऊस, मग दिवाळी. ही पोर दर आठवड्याला अशी भिंत धरणार, आणि काही झालं, तर म्हणणार की आपलंच काहीतरी चुकलं. आणि खरं सांगावं, तर ज्याच्या भरवशावर ती पुन्हा उभी राहिली होती तेच तिच्या पायाखालून काढून घ्यायचं. शिवाय ती लाज. बहात्तर वर्षं सांभाळलेली. रजनीबाईंना दोन्हीकडून भिंती दिसत होत्या.

“निहारिका,” त्या म्हणाल्या, “ते व्रत नव्हतंच गं.”

“मतलब?”

“मला कळ धरवत नाही.”

“कल?” निहारिकाने वर पाहिलं. सात वर्षांत तिने मराठी चांगली उचलली होती, पण ळ तिच्या कानावरून अजून घसरायचा. “कल नाही आई, डॉक्टरकडे परसों जायचंय. गुरुवारी.”

“तसं नाही. लघुशंकेचं म्हणते मी.”

“हां तो जाऊन या न. मी ठीक आहे, बसली आहे इथेच.”

रजनीबाईंना वाटलं, इथंच थांबावं. देवानं संधी दिली होती, उठून जावं, परत यावं, विषय संपला. आयुष्यभर त्यांनी या गोष्टीला बाहेर जाऊन येते, जरा येतेच, हात धुऊन येते असं म्हटलं होतं; आईनं शिकवलेले शब्द, शाळेत शिकलेले शब्द, सगळे कसे अंग झाकून बसणारे. त्यातला एकही कामाला येईना. मग ज्या भाषेत रिक्षावाल्याशी आणि भाजीवाल्याशी बोलायचं त्या भाषेत त्या बोलल्या, आणि मोठ्यानं बोलल्या. “पेशाब. पेशाब नहीं रुकता मेरा. दो साल से. कपड़ों में हो जाता है. इसलिए पानी नहीं पीती. कोई व्रत-ब्रत नहीं था.”

कूलर घरघरत होता. निहारिका त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे हळूहळू भरले आणि ती चक्क हसली, मोठ्या माणसाकडे बघून मूल हसतं तसं. “आई. माझा उपास मोडायला इतकं झूठ? स्वतःबद्दल असलं घाणेरडं काही? कोणती सास करेल असं?”

दोन वर्षं खोटं सांगितलं ते लोकांनी खरं धरलं, आणि आज पहिल्यांदा खरं बोलल्या तर ते खोटं ठरलं. रजनीबाई तरातरा मागच्या गॅलरीत गेल्या. तरातरा म्हणजे त्यांच्या चालीने, एक हात दाराच्या चौकटीला, एक हात पिंपाला. पत्र्याआडच्या घड्या त्यांनी ओढून आणल्या आणि सुनेपुढे टाकल्या. “हे बघ. हे काय आहे?” निहारिकाने बोट लावलं नाही, उलट अंग चोरून मागे सरकली. “ते तर तुमचं सोवळ्याचं आहे. मला शिवायला नको.” आता काय करावं? जे जे म्हणून दाखवायला होतं त्या सगळ्यावर आधीच पुण्याचा शिक्का बसलेला. एकच गोष्ट राहिली होती. रजनीबाईंच्या लक्षात आलं आणि त्या माठाकडे वळल्या.

त्यांनी माठातून एक पेला भरला आणि प्यायला. दुसरा भरला, प्यायला. निहारिका “आई! मंगळवार आहे!” म्हणून उठायला गेली, तेव्हा त्यांनी तिसरा भरला. घोटाघोटाला छाती दुखत होती, पाणी गार होतं, त्याला चव होती हेही विसरलं होतं. मग त्या आपल्या लाकडी खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “तू समोर बस. हलू नको. मी उठून गेले, तर तू म्हणशील ते खरं.”

आणि बसल्या दोघी. असा वेळ रजनीबाईंनी कधी काढला नव्हता. एरवी शिंक आली तरी दगा देणारं ते शरीर आता काही केल्या दगा देईना. दहा मिनिटं गेली. त्यांना पती आठवले. यज्ञेश्वरांची बँकेतली नोकरी, आणि सुट्टीत धुळ्याला जायची ती बस. प्रत्येक थांब्यावर ते खाली उतरायचे, भिंतीकडे तोंड करायचे, हात झटकत यायचे आणि विचारायचे, “तुला काही हवंय?” चहा किंवा केळी, असा त्याचा अर्थ. त्या नाही म्हणायच्या. माणूस चांगला होता. पण चाळीस वर्षांच्या संसारात बायको बसमधून उतरत का नाही हे त्यांच्या मनात आलं नाही, आणि रजनीबाईंनीही ते कधी त्यांच्या कानावर घातलं नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांना नळी लावली होती तेव्हा ते लहान मुलासारखे रडले होते, “रजनी, बघू नकोस इकडे.” रजनीबाईंनी तोंड फिरवलं होतं. बघायला हवं होतं. बघून म्हणायला हवं होतं, त्यात काय एवढं.

मग कळ आली. आधी नुसती जाणीव, मग खालून वर चढणारी धार लावलेली आग, आणि लगेच सगळं अंग एकाच दिशेला ओढ घ्यायला लागलं. दार सात पावलांवर. मांड्या आपोआप आवळल्या, पाठ ताठ झाली, बोटांनी खुर्चीचे दांडे धरले. एकतीस वर्षांची शाळा हाडांतून उठून उभी राहिली. ऊठ, म्हणत होती. अजून वेळ आहे. रजनीबाई उठल्या नाहीत. कपाळावर घाम आला. समोर निहारिकाच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं, ती विचित्र नजरेनं बघत होती, “आई? आई, क्या हुआ?” आणि त्यांना कळलं की होऊ देणं हेच सगळ्यात अवघड आहे. ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, दात सोडले, खांदे सोडले, आणि मग ते झालं. खुर्चीच्या फळीवरून फरशीवर पडतानाचा आवाज फार मोठा वाटला. थांबेचना. कुजकट वास आला, आजाराचा, आणि पाणी निहारिकाच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पसरत गेलं. तिनं पाय मागे घेतला नाही.

रजनीबाईंनी डोळे उघडले तेव्हा सून त्या ओल्या लुगड्याकडे बघत होती, मग त्या घड्यांकडे, मग पुन्हा लुगड्याकडे. दोन वर्षांतली एकेक गोष्ट तिच्या डोक्यात उलटत असावी, आंघोळी, उदबत्त्या, सगळं. तिचा हात पोटावर गेला.

“तो फिर… हे कुणी दिलं?”

“ते तुमचं दोघांचं काम, बाई,” रजनीबाई म्हणाल्या. “माझा त्यात काही हात नाही.”

एरवी दोघी हसल्या असत्या. निहारिकाचा चेहरा मात्र एकदम लहान झाला, जत्रेत हात सुटलेल्या पोरीचा होतो तसा. “मग आता याच्याकडे कोण बघणार?”

आतापर्यंत याचं उत्तर रजनीबाईच होत्या, आणि ते त्यांनी आत्ताच फरशीवर सांडून टाकलं होतं. गुरुवारी डॉक्टरीण बघेल, असं त्या म्हणणार होत्या. आपलंही दाखवून घेऊ, असंही. पण ही काही तेवढ्याबद्दल विचारत नव्हती.

“आपण बघू,” त्या म्हणाल्या. “दुसरं आहे कोण? पी आधी.”

निहारिका उठली. त्या ओल्यातूनच चालत माठापाशी गेली, रजनीबाईंचाच पेला तिनं न विसळता भरला आणि बराच वेळ नुसता हातात धरून उभी राहिली. मग तिनं तो तोंडाला लावला. रजनीबाई होत्या तिथेच, ओल्या खुर्चीत बसून तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या, एकेक घोट खाली उतरेपर्यंत.